हप्ता आधी, कर्ज मग

संध्याकाळची भांडी झाली असतील तर जरा टेका, आणि व्हायची असतील तर घासत घासत ऐका. फक्त एक करा, हाताशी लेकराची जुनी वही आणि पेन असू द्या. आज थोडा हिशेब आहे. घाबरू नका, बेरीज-वजाबाकीच्या पुढे मी जाणार नाही.

आजचा विषय आहे एकट्या बाईचं घर. नवरा गेलेली, नवऱ्याने टाकलेली, फारकत घेतलेली, लग्न न केलेली, अशी प्रत्येक गटात दोघी-चौघी असतात. कागदावर आपल्याला ‘एकल महिला’ म्हणतात. आमच्या बारा जणींच्या गटात अशा चार आहेत. त्यातली एक मी.

माझंच आधी सांगते. मी बी. ए. झालेली. गटाचं दप्तर लिहायचे, बँकेत बायांचे फॉर्म भरून द्यायचे. पण २०१९ साली माझे मालक अचानक गेले, तेव्हा त्यांचं पासबुक कुठल्या पेटीत आहे हे मला ठाऊक नव्हतं. कुणाचं देणं आहे, कुणाकडून येणं आहे, काहीच माहीत नव्हतं. दुसऱ्यांचे फॉर्म भरणारी बाई स्वतःच्या घरात अडाणी निघाली. दीड महिन्याने पासबुक सापडलं. बँक सखीने ते भरून आणलं आणि एका ओळीवर बोट ठेवलं. ३३० रुपये कापले होते. ती प्रधानमंत्री जीवनज्योती विम्याची रक्कम होती. त्या एका ओळीमुळे आम्हाला दोन लाख मिळाले. ती ओळ कुणी वाचलीच नसती तर? त्या दिवसापासून मी ठरवलं, आपल्या घरातला कागद आपण वाचायचा.

आता मुद्द्याचं. दोन बैलांच्या गाडीत एक बैल थकला तर दुसरा चार पावलं ओढून नेतो. नवरा आजारी पडला तर बायको कामाला जाते, बायको पडली तर नवरा जातो. आपल्या गाडीला दुसरा बैल नाही. आपण आठ दिवस तापाने पडलो की घराची कमाई आठ दिवस बंद. पण हप्ता बंद होत नाही. म्हणून एकटीने कर्ज घेऊच नये असं मी म्हणत नाही. मी स्वतः घेतलंय आणि फेडलंय. माझं म्हणणं एवढंच की कर्जाची रक्कम ठरवायच्या आधी हप्ता ठरवा. आणि तो हप्ता वर्षातल्या सगळ्यात वाईट महिन्यावर ठरवा.

कडकीचा महिना शोधा

गटातल्या एका ताईंचा हिशेब त्यांना विचारून सांगते. नाव सांगत नाही. दोन मुलं, थोडी कोरडवाहू जमीन, एक गाय, बाकी मजुरी.

दिवाळीनंतरच्या महिन्यात त्यांना १८ दिवस काम मिळालं. ३०० रुपये रोजाने ५,४०० रुपये झाले. पेंड-चारा वजा जाऊन दुधाचे ४,००० आले. एकूण ९,४००. आता मे महिना बघा. काम मिळालं फक्त सात दिवस, म्हणजे २,१००. चारा महाग आणि गाय दूध कमी देते, दुधाचे उरले २,४००. एकूण ४,५००. बाई तीच, गाय तीच, पण कमाई निम्म्याहून कमी.

खर्चाचं काय? धान्य रेशनचं आणि घरचं. बाकी किराणा-तेल १,६००, गॅस, लाइट आणि मोबाइल मिळून ७००, मुलांचं ६००, औषध ४००, भाजी-डाळ २००, गटाची बचत २००. बेरीज ३,७००. दिवाळीनंतर हातात ५,७०० उरतात आणि मेमध्ये ८००.

लाडकी बहीणचे १,५०० रुपये ताईंना येतात, पण ते आम्ही मुद्दाम या हिशेबात धरले नाहीत. सरकारी पैसा आला तर दुधात साखर, पण त्याची तारीख आपल्या हातात नसते. हप्त्याची तारीख मात्र ठरलेली असते. ज्या पैशाची तारीख पक्की नाही त्याच्यावर हप्ता बांधू नका. तो पैसा आला की वेगळ्या खात्यात राहू द्या, अडीनडीला होतो.

आता कर्ज देणारा माणूस येतो तेव्हा कोणता महिना विचारतो? तो बहुतेक सुगीतच येतो. ताईंना तो म्हणाला, “दोन हजारांचा हप्ता तुम्हाला सहज झेपेल.” दिवाळीत झेपेल हो. पण मेमध्ये ८०० रुपये हातात असताना दोन हजार कुठून आणायचे? १,२०० कमी पडणार. एप्रिल, मे, जून असे तीन महिने कडकीचे. तीन गुणिले १,२०० म्हणजे ३,६०० रुपयांचा खड्डा. हा खड्डा भरायला बाई दुसरं कर्ज काढते, आणि दुसऱ्याचा हप्ता भरायला तिसरं. खूप बायांची घरं मोठ्या खर्चाने बुडत नाहीत, अशा बाराशे रुपयांनी बुडतात.

तेव्हा वहीत एक पान करा. बारा महिन्यांची बारा नावं लिहा. प्रत्येकापुढे अंदाजे कमाई, खर्च आणि उरलेली रक्कम लिहा. आठवत नसेल तर सणावरून आठवा. नागपंचमीला हातात काय होतं, संक्रांतीला काय होतं, शाळा उघडताना काय होतं. ज्या महिन्यात सगळ्यात कमी उरतं त्याच्याभोवती गोल करा. तो तुमचा कडकीचा महिना. कर्जाचं बोलणं त्याच्यापासून सुरू करायचं.

मानपानाचा रकाना वेगळा

खर्च लिहिताना एक रकाना वेगळा काढा, मानपानाचा. आहेर, साड्या, वास्तुशांती, बारशी. लग्नसराई नेमकी कडकीत येते. सहा लग्नांना पाचशे-पाचशे रुपयांचा आहेर म्हटलं तरी ३,००० होतात. म्हणजे वर ज्या खड्ड्याबद्दल बोललो, जवळजवळ तेवढेच.

इथे एकट्या बाईचं दुखणं जरा वेगळं असतं. “बाई एकटी आहे, तिच्याकडून काय होणार,” असं कुणी म्हणू नये म्हणून आपण ऐपतीपेक्षा जास्त करतो. मीही केलं. मालक गेल्यानंतर पहिल्याच वर्षी भावकीतल्या लग्नाला उसने पैसे काढून आहेर केला. लोकांनी दोन दिवस नाव घेतलं, आणि मी ते पैसे सात महिने फेडत बसले.

आमच्या गटाने यावर साधा तोडगा काढला. गटातल्या कुणाच्याही घरच्या कार्याला प्रत्येकीने शंभर रुपये द्यायचे आणि सगळ्यांचा मिळून एकच आहेर करायचा. मान राहतो आणि कुणाला कर्ज होत नाही. तुमच्या बैठकीत हा विषय काढून बघा. एकटीने आहेर कमी केला तर बोल लागतो, सगळ्यांनी मिळून केला तर ती रीत होते.

आधी खोटा हप्ता भरा

आता समजा कर्ज हवंच आहे. ताईंना दुसरी गाय घ्यायची होती. त्यांना मी म्हटलं, कर्ज घ्यायच्या आधी तीन महिने खोटा हप्ता भरा. म्हणजे काय? कर्ज मिळालंय असं समजून दर महिन्याच्या दहा तारखेला दोन हजार रुपये आपल्याच बँक खात्यात टाकायचे आणि त्याला हात लावायचा नाही.

याने दोन गोष्टी होतात. एक म्हणजे हप्ता झेपतो की नाही ते कर्ज न घेताच कळतं. तिसऱ्या महिन्यात पैसे टाकता आले नाहीत तर नुकसान काही नाही, फक्त हप्ता कमी करा असा तो इशारा असतो. दुसरी गोष्ट, तीन महिन्यांत ६,००० रुपये साठतात. त्यातून कडकीचा ३,६०० चा खड्डा आधीच भरला गेला. उरलेले २,४०० गाईच्या डॉक्टरला किंवा आपल्याच तापाला.

ताईंनी तसंच केलं. दोन महिने नीट भरले, तिसऱ्या महिन्यात कुचंबणा झाली. मग त्यांनी हप्ता १,५०० वर आणला, कर्ज थोडं कमी घेतलं आणि गाय जरा लहान आणली. पण तिच्या दूधकाढीचा एक दिवससुद्धा त्यांनी हप्त्याच्या काळजीत काढला नाही. आणि नव्या गाईचं दूध हिशेबात धरायचं ते ती घरी रुळून नियमित दूध द्यायला लागल्यावर, विकत घेतल्या दिवसापासून नाही.

दोन टक्के आणि दोन टक्के

आता व्याजाकडे येऊ. आपण विचारतो, “शेकडा किती?” समोरचा म्हणतो, “दोन.” आपण म्हणतो, आपल्या गटाचाही दोनच आहे, मग काय फरक? फरक आहे. वही घ्या.

२०,००० रुपये कर्ज, दहा महिन्यांत फेडायचं, महिन्याला २,००० मुद्दल. आपल्या गटात व्याज उरलेल्या मुद्दलावर लागतं. पहिल्या महिन्यात वीस हजारांवर ४००. दुसऱ्या महिन्यात उरले अठरा हजार, त्यावर ३६०. मग ३२०, २८० असं उतरत उतरत दहाव्या महिन्यात फक्त ४०. सगळ्याची बेरीज २,२०० रुपये.

दुसरी पद्धत सपाट व्याजाची, तिला फ्लॅट रेट म्हणतात. तिथे दहाही महिने वीस हजारांवरच व्याज धरतात. ४०० गुणिले दहा, झाले ४,०००. दोन्हीकडे बोली दोन टक्क्यांचीच, पण फरक १,८०० रुपयांचा. दहाव्या महिन्यात तुमच्याकडे देणं उरलंय दोन हजार आणि व्याज मात्र चाललंय वीस हजारांवर.

म्हणून शेकडा किती हा प्रश्न अपुरा आहे. तीन प्रश्न विचारा. व्याज उरलेल्या मुद्दलावर की सपाट? माझ्या हातात नक्की किती पडणार? आणि शेवटच्या हप्त्यापर्यंत मी एकूण किती भरणार? मंजूर २०,००० आणि फॉर्म फी-विमा कापून हातात १९,२०० पडले, तरी व्याज वीस हजारांवर लागतं. एकूण भरायची रक्कम वजा हातात पडलेली रक्कम, ही कर्जाची खरी किंमत. ही वजाबाकी सही करायच्या आधी करा, नंतर नाही.

नियम आपल्या बाजूने काय म्हणतो

वर्षाचं उत्पन्न तीन लाखांपर्यंत असलेल्या कुटुंबाला बिनतारण दिलेलं कर्ज म्हणजे सूक्ष्मकर्ज, ज्याला आपण मायक्रोफायनान्स म्हणतो. त्यासाठी रिझर्व्ह बँकेचे नियम एप्रिल २०२२ पासून लागू आहेत. त्यातले आपल्या कामाचे सांगते.

एक, घरातल्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून महिन्याच्या कौटुंबिक उत्पन्नाच्या निम्म्यापेक्षा जास्त होता कामा नयेत. इथे कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि लग्न न झालेली मुलं. आपल्या घरात नवरा नाही, म्हणजे उत्पन्न आपल्या एकटीचंच. पण फॉर्म भरणारा काही वेळा “दिराचं लिहू, भावाचं लिहू, म्हणजे जास्त मंजूर होईल” असं म्हणतो. लिहू देऊ नका. फॉर्मवर दीर कमावतो आणि हप्त्याच्या दिवशी तो दारात नसतो.

आणि निम्म्याची ही मर्यादा कर्ज देणाऱ्यासाठी आहे. आपल्याला तेवढं झेपतंच असं नाही. ताईंच्या मे महिन्याच्या ४,५०० कमाईवर निम्म्याने हिशेब केला तर २,२५० चा हप्ता नियमात बसतो. हातात तर ८०० च उरतात! नियमात बसलेलं कर्जही आपल्याला बुडवू शकतं. म्हणून आपली मर्यादा आपल्या वहीतून येते.

दोन, कर्जाचं कार्ड आपल्याला समजेल अशा भाषेत मिळालं पाहिजे आणि सगळे आकार मिळून वर्षाचा व्याजदर किती पडतो ते लेखी दाखवलं पाहिजे. तीन, विमा किंवा कुठलीही वस्तू कर्जासोबत आपल्या गळ्यात मारता येत नाही, तुमची पूर्ण संमती लागते. चार, मुदतीआधी कर्ज फेडलं तर दंड नाही. पाच, हप्ता चुकला तर दंड फक्त थकलेल्या रकमेवर, सगळ्या कर्जावर नाही.

तक्रार असेल तर आधी त्या संस्थेकडेच लेखी द्या आणि पोच घ्या. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. त्याची माहिती १४४४८ या फोनवर मिळते.

नाव उसनं देऊ नका

आता एक कडू गोष्ट. आमच्या शेजारच्या गटातल्या एका वहिनींनी जवळच्या नातेवाइकासाठी आपल्या नावावर ३५,००० रुपये काढले. तो म्हणाला, “वहिनी, तुमचं नाव स्वच्छ आहे, हप्ते मी भरतो.” पाच हप्ते भरले, मग फोन उचलेना. वहिनींना भांडायचंही जड जात होतं, कारण अडीअडचणीला त्याच घरात जायचं असतं. एकट्या बाईला नात्याची गरज असते हे माणसांना माहीत असतं, आणि म्हणूनच मागणी तिच्याकडे येते.

वर्षभराने वहिनी शेळ्यांसाठी बँकेत गेल्या. साहेबांनी संगणक बघितला आणि म्हणाले, तुमचं कर्ज थकलंय. वहिनींनी एक रुपया वापरला नव्हता. पण सही जिची, देणं तिचं. जामीनदाराची सही केली तरी तेच, कर्जदाराने नाही भरलं तर जामीनदाराला भरावं लागतं.

संगणकात साहेबांनी जे बघितलं त्याला क्रेडिट रिपोर्ट म्हणतात. देशात सिबिलसारख्या चार कंपन्या ही नोंद ठेवतात. आपण कुठून किती घेतलं आणि कसं फेडलं यावरून ३०० ते ९०० मध्ये गुण मिळतात. प्रत्येक कंपनीकडून वर्षातून एकदा स्वतःचा पूर्ण रिपोर्ट फुकट मागता येतो. गटातल्या शिकलेल्या मुलीकडून मोबाइलवर काढून घ्या, पण आलेला ओटीपी अनोळखी माणसाला सांगू नका. त्यात तुम्ही न घेतलेलं कर्ज दिसलं तर दुरुस्तीची तक्रार करा. तीस दिवसांत निकाल लावला नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई देण्याचा नियम आहे.

नाही म्हणणं अवघड असतं, मला माहीत आहे. मी एक वाक्य पाठ केलंय, तुम्हीही करा. “माझ्या नावावरचं कर्ज गटाला विचारल्याशिवाय घेता येत नाही.” नकार गटाच्या तोंडून गेला की नातं टिकतं.

नवऱ्याच्या देण्याचं काय

नवरा गेल्यावर तेराव्याच्या आत कुणी दारात येतं आणि म्हणतं, “त्यांचं कर्ज आहे, या कागदावर सही करा, म्हणजे खातं चालू राहील.” दुःखात बाई सही करते. थांबा.

कायदा काय सांगतो ते समजून घ्या. गेलेल्या माणसाचं देणं त्याने मागे ठेवलेल्या मालमत्तेतून फेडायचं असतं. वारसाला जेवढं मिळालं तेवढ्यापुरतीच त्याची जबाबदारी. जमीन तारण असेल तर बोजा जमिनीबरोबर येतो, सोसायटीच्या कर्जाचं ते बघावंच लागतं. पण तुम्ही सहकर्जदार किंवा जामीनदार नसाल तर तुमच्या मजुरीच्या पैशातून ते कर्ज भरायची सक्ती नाही. नव्या कागदावर सही केलीत की मात्र ते तुमचं कर्ज होतं.

तेव्हा सहीच्या आधी हे मागा. मूळ करारपत्राची नक्कल, त्यावर कुणाकुणाच्या सह्या आहेत ते, आजपर्यंत भरलेल्या रकमेचा उतारा. आणि सगळ्यात महत्त्वाचं, “या कर्जाला विमा होता का?” हप्त्यातून विम्याचे पैसे कापलेले असतात आणि घरच्यांना ते माहीतच नसतं. मृत्यूचा दाखला देऊन लेखी विचारा. काही कळलं नाही तर तालुक्याच्या न्यायालयात विधी सेवा समिती आहे. बाईला तिथे वकिलाचा सल्ला फुकट मिळतो, उत्पन्नाची अट नाही. फोन १५१००.

हप्ता थकलाच तर

एवढं करूनही पाऊस दगा देतो, अंगावर दुखणं निघतं. हप्ता थकणार असं दिसलं की लपू नका. तारखेच्या आधी जाऊन सांगा, लेखी द्या, मुदत मागा. जेवढे जमतील तेवढे भरा आणि पावती घ्या. पावतीशिवाय कुणाच्याही हातात रोख देऊ नका, तो कितीही ओळखीचा असू दे.

सूक्ष्मकर्जाच्या वसुलीसाठी सकाळी नऊच्या आत आणि संध्याकाळी सहानंतर यायला परवानगी नाही. शिवीगाळ, धमकी, नातेवाइकांना त्रास देणं हे चालत नाही. रात्री दार वाजलं तर उघडू नका, शेजारणीला फोन करा. एकट्या बाईच्या दारात गटाच्या चार बाया उभ्या राहिल्या की बोलणाऱ्याचा आवाज आपोआप खाली येतो. मी हे दोनदा पाहिलंय.

आणि हप्ता भरायला सावकाराकडे जाऊ नका. महाराष्ट्रात २०१४ चा सावकारीचा कायदा आहे. परवान्याशिवाय सावकारी हा गुन्हा आहे आणि परवानाधारकालाही व्याजावर व्याज लावता येत नाही. तक्रार तालुक्याच्या सहायक निबंधकांकडे करायची, सहकारी संस्थांचं जे कार्यालय असतं तिथे.

आमच्या त्या वहिनींचं काय झालं विचाराल. त्यांनी गटात सगळं सांगितलं, लाज सोडून. गटाने थकीत हप्त्यांसाठी उसने दिले, वहिनींनी शेवटपर्यंत भरलं आणि बेबाकीचा दाखला, म्हणजे नो ड्यूज, घेतला. दाखला घ्यायला विसरू नका. कर्ज फिटलं हे आपल्याला माहीत असून भागत नाही, कागदावर दिसावं लागतं. त्या नातेवाइकाने पैसे परत दिले का? अजून नाही.

एक पिशवी, एक माणूस

शेवटचं काम अर्ध्या तासाचं. एक कापडी पिशवी शिवा. त्यात सगळी पासबुकं, कर्जाची कार्डं, पावत्या, सातबारा, घराचा उतारा, रेशनकार्ड, मृत्यूचा दाखला ठेवा. ती कुठे आहे हे मुलांना आणि विश्वासाच्या एका माणसाला सांगून ठेवा. माझ्या घरी दीड महिना शोधाशोध झाली, तशी आपल्या लेकरांवर येऊ नये.

मग प्रत्येक पासबुकावर वारसदाराचं नाव बघा. आमच्या गटात आम्ही तपासलं तेव्हा तिघींच्या खात्यावर अजून गेलेल्या नवऱ्याचंच नाव होतं. माझ्याही! बँकेत फॉर्म भरून ते बदला. मुलगा-मुलगी अठराच्या आतली असतील तर त्यांच्यासोबत पैसे सांभाळणाऱ्या मोठ्या माणसाचं नाव द्यावं लागतं. ते विचार करून द्या.

आणि विमा. जीवनज्योतीचे आता वर्षाला ४३६ रुपये, १८ ते ५० वयापर्यंत घेता येतो. सुरक्षा विमा अपघाताचा, वर्षाला २० रुपये, १८ ते ७० वयापर्यंत. दोन्हीची भरपाई दोन लाखांपर्यंत. मिळून ४५६ रुपये. ते मे महिन्यात खात्यातून कापले जातात. मे म्हणजे आपला कडकीचाच महिना! खात्यात पैसे नसतील तर विमा बंद पडतो. म्हणून फेब्रुवारी-मार्चमध्येच ते ४५६ रुपये खात्यात टाकून विसरून जा. आपल्या लेकरांमागे दुसरं कुणी नाही, म्हणून हा खर्च वहीत किराण्याच्या शेजारी लिहा.

तर मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीला येताना वहीत तीन ओळी लिहून आणा. माझा कडकीचा महिना कोणता. त्या महिन्यात माझ्या हातात किती उरतात. आणि माझ्या खात्यावर वारसदार कोण. लिहिता येत नसेल तर लेकीला सांगा, ती लिहील, आणि लिहिता लिहिता घराचा हिशेबही शिकेल. माझी मुलगी यंदा आठवीत आहे. पिशवी कुठे आहे ते तिला माहीत आहे.

भेटू पुढच्या आठवड्यात. नमस्कार.